पेटी कुणाचीही असो, पट्टी आपली



गौरी-गणपती जवळ आले की आपल्या कोल्हापूर भागात झिम्मा-फुगडीच्या सरावाला जोर येतो. दिवसभराची कामं उरकून बायका रात्री समाजमंदिरात जमतात. गाणी तोंडपाठ असतात, पावलं पक्की असतात. अडतं ते संगीतापाशी. वाजवणारा बाहेरून बोलवायचा तर त्याची वेळ सांभाळा, त्याचं मानधन द्या. नाहीतर मोबाइलवरचं तयार संगीत लावा आणि त्याच्या मागं धावत गा. गटाची जाहिरात, ग्रामसंघाचं गीत, रेडिओवरच्या आपल्या कार्यक्रमाची सुरुवातीची धून, सगळीकडं हीच अडचण.

आज मी सांगणार आहे, घरातला कीबोर्ड लॅपटॉपला जोडून हे संगीत आपलं आपण कसं तयार करायचं. या पद्धतीला मिडी रेकॉर्डिंग म्हणतात. नाव परकं वाटेल, पण कीर्द आणि कर्जवही लिहिणाऱ्या बायकांना ते समजायला अवघड नाही.

आधी पट्टीचं बोलू

पेटीवाला गाण्याआधी विचारतो, "पट्टी कुठली?" पट्टी म्हणजे कुठल्या स्वराला सा धरून गायचं ते. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा पट्ट्या. पुरुष साधारणपणे काळी एक, काळी दोनच्या आसपास गातात. बायकांचा गळा बहुतेक वेळा काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा होतो. वय वाढलं की बायकांचा आवाज थोडा खाली येतो. म्हणजे एकाच गटात सुनेची पट्टी वेगळी आणि सासूची वेगळी असू शकते.

आता गावातलं भजन आठवा. पेटी काळी एकला लागलेली असते, कारण बुवांची पट्टी ती. बायकांनी तिथं खाली गायलं तर आवाज घशातच राहतो आणि वर गायलं तर चिरकतो. मग लोक म्हणतात, हिचा आवाजच लागत नाही. आवाज लागत असतो, पट्टी लागत नसते. असं दोन-तीनदा ऐकलेली बाई पुढच्या वेळी मागच्या रांगेत बसते आणि टाळ तेवढा वाजवते. मिडी शिकून घ्यावं असं मी म्हणते ते मुख्य याच्यासाठी. यात वाजवलेलं संगीत नंतर उचलून गाणारणीच्या पट्टीत नेता येतं.

वहीत पैसे नसतात, नोंद असते

आपण मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करतो तेव्हा मोबाइल आवाज साठवतो. पेटी, टाळ, मागं भुंकणारं कुत्रं, सगळं एकत्र. शिजलेल्या आमटीतून मीठ काढता येत नाही, तसा त्यातला चुकलेला एक स्वर काढता येत नाही.

मिडीचं तसं नाही. मिडीत आवाज नसतोच. गटाच्या वहीत पैसे असतात का? पैसे पेटीत किंवा बँकेत. वहीत फक्त नोंद असते: कोणी, किती तारखेला, किती भरले. मिडीही अशीच वही आहे. कीबोर्डवर तुम्ही पट्टी दाबली की कॉम्प्युटर लिहून घेतो: कुठली पट्टी, कधी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. एवढंच. त्या नोंदीवरून आवाज काढायचं काम सॉफ्टवेअरमधलं वाद्य करतं. तीच नोंद पेटीला दिली तर पेटी वाजते, बासरीला दिली तर बासरी, संतूरला दिली तर संतूर.

या वहीत प्रत्येक पट्टीला नंबर असतो, ० ते १२७. कीबोर्डच्या मधली पांढरी एक म्हणजे ६०. तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. बोटाच्या जोरालाही नंबर असतो, १ ते १२७. हलक्या हातानं दाबली तर तीस-चाळीस, जोरात दाबली तर शंभराच्या पुढं. म्हणून चुकलेली नोंद दुरुस्त करता येते, जोर कमी-जास्त करता येतो आणि पट्टी बदलता येते.

नोंद हलकीही असते. चांगल्या प्रतीचं एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण साधारण १० एमबी जागा घेतं. तेवढ्याच गाण्याची मिडी नोंद काही केबीत मावते. जिथं रेंज एका कोपऱ्यात उभं राहून शोधावी लागते, तिथं हा फरक कळतो.

मिडी हे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या नावाचं छोटं रूप. पूर्वी एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकत नव्हता. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ या दोघांनी पुढाकार घेऊन सगळ्यांसाठी एकच भाषा ठरवली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीनं जोडले. एकावर वाजवलं आणि दुसरा वाजला. या कामासाठी दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ती भाषा अजून चालू आहे, म्हणूनच कुठलाही कीबोर्ड कुठल्याही लॅपटॉपशी जुळतो.

काय काय लागतं

आधी कीबोर्ड. नवीन विकत घ्यायची घाई करू नका. शाळेत, भजनी मंडळात, कुणाच्या तरी नातवाच्या कपाटावर एखादा पडलेला असतो. त्याची मागची बाजू बघा. प्रिंटरच्या वायरीला असतं तसं चौकोनी तोंड बसेल असं यूएसबीचं छिद्र असेल, तर प्रिंटरचीच वायर चालते. जुन्या कीबोर्डला पाच भोकांचं गोल सॉकेट असतं. त्याच्यासाठी मिडी ते यूएसबी अशी वेगळी वायर मिळते. लहान मुलांच्या खेळण्यातल्या कीबोर्डला बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं, तो चालणार नाही. कीबोर्डच मिळाला नाही तर लॅपटॉपची अक्षरांची बटणंसुद्धा पट्ट्यांसारखी वाजवता येतात. फक्त त्यात जोर कळत नाही, सगळे स्वर सारखे येतात.

मग लॅपटॉप. तो भारीतला लागत नाही. ग्रामसंघाचा असेल तर उत्तम. फोनलाही ओटीजी जोडणीनं कीबोर्ड लावता येतो, पण प्रत्येक फोनवर जमेलच असं नाही. आधी करून बघा.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअर. पैसे न भरता चालणारी दोन वाटा सांगते. नेट चांगलं असेल तर बँडलॅब. क्रोममध्ये उघडायचं, खातं काढायचं, वाद्यं आणि गळा दोन्ही त्यातच रेकॉर्ड होतं. नेटचा भरवसा नसेल तर एलएमएमएस आणि ऑडेसिटी ही जोडी. दोन्ही एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. वाद्यं एलएमएमएसमध्ये करायची, गळा ऑडेसिटीत घ्यायचा. एलएमएमएसमध्ये गळा रेकॉर्ड करायची सोय नाही, आणि ऑडेसिटीत कीबोर्डची मिडी नोंद होत नाही. बऱ्याच जणी ऑडेसिटी उघडून कीबोर्ड वाजवत बसतात आणि नोंद का होत नाही म्हणून वैतागतात. ज्यांच्याकडं आयफोन असेल त्यांना त्यात गॅरेजबँड मिळतं.

चौथी वस्तू वायरवाला हेडफोन. ब्लूटूथचा नको. ब्लूटूथमधून आवाज उशिरा पोचतो. पट्टी आता दाबली आणि स्वर मागून आला तर हात गडबडतो.

वाजवायला बसू

वायर जोडा आणि मगच सॉफ्टवेअर उघडा. नवीन ट्रॅक घ्या. ट्रॅक म्हणजे वहीचं एक पान. एका वाद्याला एक पान. पेटीचं वेगळं, बासरीचं वेगळं, ठेक्याचं वेगळं. त्या ट्रॅकवर वाद्य निवडा आणि पट्टी दाबून बघा. आवाज आला तर जोडणी झाली. आला नाही तर सेटिंगमध्ये मिडी इनपुट म्हणून तुमच्या कीबोर्डचं नाव निवडलंय का ते तपासा.

आवाज येतोय पण उशिरा येतोय, असं झालं तर सेटिंगमध्ये बफर नावाचा आकडा शोधा. कॉम्प्युटर आवाजाचे घास साठवून मग बाहेर सोडतो, तो घास किती मोठा ते या आकड्यावरून ठरतं. ४८,००० च्या गतीला १०२४ चा बफर म्हणजे जवळजवळ २१ मिलिसेकंद उशीर. २५६ केला की तो ५ मिलिसेकंदांवर येतो आणि कानाला जाणवत नाही. फार कमी केला तर जुना लॅपटॉप दमतो, आवाज तडतडतो. तडतड ऐकली की एक पायरी वर चढवा.

आता लय. सॉफ्टवेअरमध्ये टकटक वाजणारा ठोका असतो. एका मिनिटाला किती ठोके तो आकडा आपण ठरवायचा. आकडा मनानं टाकू नका. गटातल्या ज्या बाईचा ताल पक्का आहे तिला गाणं म्हणायला सांगा आणि घड्याळ लावून मिनिटाला किती टाळ्या पडतात ते मोजा. नव्वद पडल्या तर ९०. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चार-चार ठोक्यांचे दोन घास. दादरा सहा मात्रांचा, त्याला तीन-तीनचे दोन.

पहिल्यांदा सूर धरा. पेटीचा किंवा तानपुऱ्याचा आवाज घेऊन सा आणि प दाबून ठेवा, तेवढंच रेकॉर्ड करा. हा झाला पाया. दुसऱ्या ट्रॅकवर ठेका. ठेका आख्खं गाणंभर वाजवायची गरज नाही. आठ मात्रा नीट वाजल्या की त्या नोंदीची नक्कल करून पुढं पुढं चिकटवायची. तिसऱ्या ट्रॅकवर चाल. चाल वाजवताना एकच बोट चाललं तरी हरकत नाही. एका दमात सगळं वाजवायचीही गरज नाही. धृपद आज, कडवं उद्या.

इथं आपल्या कोल्हापूरचीच एक गोष्ट आठवते. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली प्रभात कंपनीनं केला, तेव्हा प्रभात कोल्हापुरातच होती. त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं. टेंबे म्हणजे कोल्हापूरच्या मातीतले नामांकित पेटीवादक. तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. नटनट्या कॅमेऱ्यासमोर गात आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून त्याच वेळी साथ करत. एकाचं चुकलं तर सगळ्यांना पुन्हा उभं राहावं लागे. आज आपल्या हातात एका बोटानं, तुकड्या-तुकड्यानं, स्वयंपाक चढवून मध्ये येऊन वाजवायची सोय आहे. ती वापरायची.

दुरुस्ती कशी करायची

वाजवून झालं की त्या ट्रॅकवर दोनदा टिचकी मारा. एक चौकटी उघडते, तिला पियानो रोल म्हणतात. डाव्या बाजूला पेटीच्या पट्ट्या उभ्या, आणि पुढं लहान-मोठ्या आडव्या काड्या. प्रत्येक काडी म्हणजे एक स्वर. काडी जेवढी लांब तेवढा वेळ स्वर धरलेला. चुकीच्या पट्टीवर पडलेली काडी माउसनं वर-खाली सरकवा. उशिरा पडलेली डावीकडं सरकवा. चुकून लागलेली पुसून टाका. ठिपक्यांच्या रांगोळीतला हुकलेला ठिपका बोटानं सारखा करतो, तसंच हे.

क्वांटाइज नावाचं एक बटण दिसेल. ते सगळ्या काड्या ओढून ठोक्यावर बसवतं. ठेक्याला ते उपयोगी आहे. चालीवर मात्र जपून. माणूस गाताना एखादा शब्द किंचित मागं ठेवतो, एखादा किंचित आधी घेतो, त्यातच गोडवा असतो. सगळं ओढून सारखं केलं की गाणं मोबाइलच्या रिंगटोनसारखं वाजतं. बटणात टक्के ठरवायची सोय असेल तर ५० च्या आसपास ठेवून ऐका आणि मग ठरवा.

पट्टी बदलणं

आता मुख्य काम. समजा कुणा भाच्यानं चाल काळी एकला वाजवून दिली, कारण त्याचा हात तिथं बसलाय. गाणाऱ्या वहिनींची पट्टी काळी चार. पियानो रोलमध्ये चालीच्या सगळ्या काड्या एकदम निवडा आणि वर सरकवा. किती? काळी एकचा नंबर ६१, काळी चारचा ६८. म्हणजे सात घरं. ट्रान्सपोज नावाची सोय असेल तर तिथं ७ लिहा. सुराच्या ट्रॅकलाही तेवढीच सात घरं वर न्या. झालं. भाच्याला पुन्हा बोलवायला नको, आणि वहिनींनी गळा ताणायला नको.

एक जपायचं. ठेक्याचा ट्रॅक सरकवायचा नाही. सॉफ्टवेअरच्या तालवाद्यात प्रत्येक पट्टीवर वेगळं वाद्य बसवलेलं असतं. एकीवर ढोल, दुसरीवर झांज. ती नोंद सात घरं वर नेली तर ढोलाच्या जागी भलतंच काहीतरी वाजेल.

आणि हे सगळं करण्याआधी गाणारीची पट्टी शोधा. तिला वाद्याशिवाय, तिच्या मनानं, ओसरीत बसून गाते तशी दोन ओळी गायला सांगा. शेजारी कीबोर्डवर तिचा सा शोधा आणि वहीत नावापुढं लिहून ठेवा. ज्येष्ठ सदस्यांचं आधी करा. आपल्याला पट्टी असते हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

जात्यावरची ओवी या चौकटीत बसत नाही

आता या यंत्राची मर्यादाही सांगते, म्हणजे फसगत होणार नाही.

कीबोर्डवर बारा स्वर ठोकून बसवलेले आहेत. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. ती पट्ट्यांमध्ये नाही. पेटीवर हाच आक्षेप पूर्वीपासून होता. त्या वादातून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये थोडी सैल झाली. ज्या पेटीशिवाय आपलं एक भजन होत नाही, तिला रेडिओचं दार तीस वर्षं बंद होतं! बऱ्याच कीबोर्डला डाव्या हाताशी एक चाक असतं, ते फिरवलं की स्वर वर-खाली वाकतो. बासरीच्या आवाजाला ते बरं वाटतं, पण गळ्याची सर येत नाही.

दुसरी मर्यादा ठोक्याची. जात्यावरची ओवी घड्याळाच्या ठोक्यावर चालत नाही. ती दगडाच्या फेऱ्यावर चालते. दाणे घातले की फेरा जड होतो, ओवी थबकते. हात मोकळा झाला की ती पळते. तिला टकटक लावून गायला बसवलं तर म्हातारी आजी गप्प होईल. म्हणून ओवीला उलटी वाट धरायची. ठोका बंद करायचा. आधी फक्त तिचा गळा रेकॉर्ड करायचा, जमलं तर खऱ्या जात्यावर बसवून, घरघरीसकट. मग ते ऐकत ऐकत मागं हलकासा सूर कीबोर्डवर धरायचा. गळा पुढं चालेल, वाद्य मागून येईल.

ओव्यांचं मोल किती, ते एका कामावरून कळतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात त्यातल्या कितीतरी ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात सगळ्यांना ऐकायला मिळतात. हे ध्वनिमुद्रण करणारे बर्नार्ड बेल हे संगीत आणि कॉम्प्युटर या दोन्हींचे अभ्यासक. जिम किपेन यांच्याबरोबर त्यांनी १९८० च्या दशकात तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' नावाचा प्रोग्राम केला, आणि पुढं तो मिडीवरही चालायला लागला. म्हणजे तबल्याच्या बोलांची नोंद यंत्राला शिकवणारा माणूस ओवीपाशी आला तेव्हा त्यानं मायक्रोफोन लावला आणि बाईचा गळा जसाच्या तसा घेतला. आपणही तेच धोरण ठेवू. जे आपल्याकडं नाही ते मिडीतून घेऊ. जे आहे ते खरं घेऊ. गावात हलगी आहे, टाळ आहेत, ढोलकी आहे, त्यांची नक्कल कॉम्प्युटरमधून कशाला? आपल्या शेजारच्या मिरजेत बनणाऱ्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कुणाकडं खरा तानपुरा असेल तर पाच मिनिटं तोच वाजवून रेकॉर्ड करा. एवढंच लक्षात ठेवा, की तो आवाज आहे, नोंद नाही. त्याची पट्टी काड्यांसारखी सरकवता येत नाही. म्हणून तो आधीच गाणारीच्या पट्टीत लावून घ्या.

गळा आणि शेवटची फाईल

वाद्यं झाली की गळा. पंखा, फ्रिज, मिक्सर बंद. फोन एअरप्लेन मोडवर. खोलीत गाद्या, वाकळा असतील तर आवाज घुमत नाही. गाणारीनं हेडफोन लावायचा, म्हणजे वाद्यांचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरत नाही. तोंड आणि मायक्रोफोन यात एक वीत अंतर. तीनदा गाऊन घ्या आणि चांगलं ते ठेवा.

मग सगळ्यांत मोठी खबरदारी. रेडिओ केंद्राला मिडीची फाईल पाठवायची नाही. त्यात नुसती नोंद आहे. त्यांच्या कॉम्प्युटरवर ती उघडली तर तुमच्या बासरीच्या जागी दुसरंच वाद्य वाजेल, आणि गळा तर त्यात नसेलच. एक्सपोर्ट असं बटण दाबून वेव्ह किंवा एमपी३ फाईल करायची. नोंदीवरून तयार झालेला पक्का आवाज त्यात उतरतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे प्रत घसरत नाही. आणि मूळ प्रोजेक्टची फाईल गटाच्या पेनड्राइव्हवर जपून ठेवा. पुढच्या वर्षी दुसरी गाणारी आली तर पट्टी तिथंच बदलता येईल.

गटानं काय ठरवायचं

हे काम एकटीचं नाही. बारावीतली मुलगी लॅपटॉप सांभाळेल, शाळेत पेटी शिकलेली वाजवेल, ताल पक्का असणारी लय ठरवेल, ज्येष्ठ बाई चाल सांगेल. महिन्याच्या बैठकीत ठराव करून कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह कुणाकडं राहणार ते लिहून ठेवा, जसं आपण पेटीच्या किल्लीचं ठरवतो.

दोन गोष्टी ठरावात घालाच. एक, जिची ओवी किंवा जिचं गाणं आहे तिला विचारल्याशिवाय ते प्रसारित करायचं नाही आणि तिचं नाव, गाव प्रत्येक वेळी सांगायचं. 'पारंपरिक' एवढंच म्हणून सोडून द्यायचं नाही. दोन, सिनेमातल्या गाण्याची चाल घ्यायची नाही. आपण ती स्वतः कीबोर्डवर वाजवली तरी चाल दुसऱ्याचीच राहते. आपल्या कायद्यानं संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क असतो. झिम्म्याच्या, गौरीच्या, पिंगा-फुगडीच्या चाली आपल्याकडं पोत्यानं आहेत. उसन्या चालीची गरज नाही.

सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणात लिहिलंय, की निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत. साताऱ्यातल्या म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी चालते, तिथं गावच्या बायका हे करून दाखवतायत. म्हणजे रेडिओवर आपल्याला जागा आहे. ती भरायला आपलं स्वतःचं, आपल्या पट्टीतलं काहीतरी हवं.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढंच करा. गटातल्या प्रत्येकीची पट्टी शोधून हजेरीवहीत नावापुढं लिहा. आणि एक कीबोर्ड मिळवून आठ मात्रांचा भजनी ठेका रेकॉर्ड करा. आठच मात्रा. त्या जमल्या की पुढचं गाणं त्यांच्यावर उभं राहतं. कुठं अडलं तर आपल्या प्रभागाच्या बैठकीत लॅपटॉप घेऊन या, दोन-तीन गट मिळून बघू.